हसण्यावारी नेलेलं, न नेलेलं

२०२५च्या जुलै आणि सप्टेंबर महिन्यांत अमेरिकन दूरचित्रवाणीवर दोन घटना घडल्या. १७ जुलैच्या रात्री स्टीफन कोल्बेअर यांनी आपल्या प्रेक्षकांना सांगितलं, की सीबीएस वाहिनीवरचा 'द लेट शो' पुढच्या मे महिन्यात बंद होणार आहे. त्यांच्या जागी दुसरा कोणी सूत्रधार येणार नव्हता. १९९३पासून चालत आलेला कार्यक्रमच संपणार होता. बरोब्बर दोन महिन्यांनी, १७ सप्टेंबरला, एबीसी वाहिनीने जिमी किमेल यांचा कार्यक्रम बेमुदत थांबवला. चार्ली कर्क यांच्या हत्येनंतर सुरू झालेल्या राजकारणावर किमेल यांनी केलेलं भाष्य हे त्याचं निमित्त. सहा दिवसांनी, २३ सप्टेंबरला, तो कार्यक्रम परत आला.

या बातम्यांवरची प्रतिक्रिया ठरलेली होती : सत्तेला विनोदाची भीती वाटते. हे वाक्य मीही अनेकदा उच्चारलं आहे. रात्री साडेअकराच्या आसपास सुरू होणाऱ्या आणि दिवसभराच्या बातम्यांची खिल्ली उडवणाऱ्या या अमेरिकन कार्यक्रमांची मी जुनी प्रेक्षक. 'खरी पत्रकारिता आता विदूषकच करतात' असं मी एकदा एका व्याख्यानात ठोकून दिलं होतं आणि त्यावर टाळीही घेतली होती. आज ते वाक्य मला अर्धवट वाटतं. सत्तेला सगळ्याच विनोदाची भीती वाटत नाही. पुष्कळसा विनोद तिला चालतो, काही तर सोयीचाही असतो.

मराठीत 'हसण्यावारी नेणं' असा वाक्प्रचार आहे. एखादी गोष्ट अंगावर येऊ नये, तिचं उत्तर द्यावं लागू नये म्हणून आपण ती हसण्यावारी नेतो. भाषेने इथे हसण्याला पळवाट मानलं आहे. राजकीय विनोदाचे गोडवे गाताना आपण हसण्याची ही बाजू विसरतो. या लेखात मला हाच वाक्प्रचार कसोटी म्हणून वापरायचा आहे. बातम्यांवरच्या विनोदाने विषय हसण्यावारी नेला, की हसण्यावारी नेण्याची वाटच बंद केली? आणि हे दुसरं जेव्हा घडतं, तेव्हा त्याला काय लागतं आणि त्याचे पैसे कोण भरतं?

सगळ्यांना समान चिमटे

या कार्यक्रमांची वंशावळ सांगताना साधारणपणे १९६२ सालापासून सुरुवात करतात. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये बीबीसीने 'दॅट वॉज द वीक दॅट वॉज' हा शनिवारी रात्रीचा कार्यक्रम सुरू केला. डेव्हिड फ्रॉस्ट आणि त्यांच्या मंडळींनी ब्रिटिश मंत्रिमंडळाला, चर्चला, राजघराण्याला कशालाच सोडलं नाही. साधारण वर्षभराने तो बंद झाला. १९६४ हे निवडणुकीचं वर्ष, म्हणून तो नको, असं कारण देण्यात आलं. निवडणुकीच्या वर्षात राजकीय विनोद नको, या कारणमीमांसेतच एक विनोद होता; तो मात्र बीबीसीला दिसला नाही.

त्याच वर्षी अमेरिकेत जॉनी कार्सन यांनी 'द टुनाइट शो'ची सूत्रं हाती घेतली आणि पुढची तीस वर्षं ती सोडली नाहीत. कार्सन राजकारणावर विनोद करत, भरपूर करत. पण आपलं मत कोणतं हे प्रेक्षकाला कळू नये याची काळजी घेत. डावीकडे एक चिमटा, उजवीकडे एक चिमटा, मग जाहिरात. प्रेक्षक झोपायला जाताना कोणावरही रागावलेला नसे. हा विनोद वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्याची सफाई थक्क करणारी होती. पण तो विषय हसण्यावारी नेण्याचाच विनोद होता, आणि वाहिनीला नेमकं तेच हवं होतं. याउलट स्मदर्स बंधूंनी आपल्या कार्यक्रमात व्हिएतनाम युद्धाला सरळ विरोध केला, वाहिनीच्या कात्रीशी आठवड्यामागून आठवडा भांडण केलं, आणि १९६९मध्ये सीबीएसने त्यांना घरी पाठवलं. पुढे दीर्घकाळ या क्षेत्रातल्या लोकांनी कार्सन यांचा धडा गिरवला, यात नवल नाही.

जुनी चित्रफीत

१९९६ साली 'कॉमेडी सेंट्रल' या वाहिनीवर 'द डेली शो' सुरू झाला, तेव्हा तोही मुख्यतः वृत्तनिवेदनाच्या शैलीचं विडंबन होता. जानेवारी १९९९मध्ये जॉन स्ट्युअर्ट आले आणि हळूहळू त्याचा रोख बदलला. स्ट्युअर्ट यांच्या चेहऱ्याविषयी, भुवया उंचावण्याविषयी खूप लिहिलं गेलं आहे. माझ्या मते त्यांच्या चमूचा खरा शोध वेगळा होता : जुनी चित्रफीत. नेता आज काय म्हणाला हे सगळ्याच वाहिन्या दाखवत. तोच नेता तीन वर्षांपूर्वी काय म्हणाला होता, हे शोधून त्याच्या शेजारी ठेवण्याचं काम कोणी करत नव्हतं.

२००३ सालचा एक भाग मी आजही विद्यार्थ्यांना दाखवते. स्ट्युअर्ट यांनी त्यात एक वादविवाद घडवला. एका बाजूला राष्ट्राध्यक्ष बुश, दुसऱ्या बाजूला २००० सालच्या प्रचारातले गव्हर्नर बुश. दोन्ही खऱ्याच चित्रफिती. गव्हर्नर बुश म्हणतात की दुसऱ्यांचे देश उभारून देणं हे आपल्या सैन्याचं काम नव्हे. राष्ट्राध्यक्ष बुश इराकबद्दल बरोबर उलट सांगतात. स्ट्युअर्ट मध्ये बसून फक्त पुढचा प्रश्न विचारतात. या भागात लिहिलेला विनोद फार थोडा आहे. विनोद आहे तो मांडणीत, आणि मांडणीमागे आहे ती मेहनत : कोणीतरी खोलीत बसून तासन् तास जुनी भाषणं ऐकली आहेत. राष्ट्राध्यक्षांच्या चालण्याबोलण्याची नक्कल केली असती, तर त्यांचे समर्थक 'काय हा चावटपणा' म्हणून तो विषय झटकू शकले असते. स्वतःच्याच तोंडच्या वाक्यांना झटकायचं कसं?

हेच हत्यार मार्च २००९मध्ये सीएनबीसी या अर्थविषयक वाहिनीवरचे सल्लागार जिम क्रेमर यांच्यासमोर वापरलं गेलं. शेअर बाजार कोसळून सहा महिने झाले होते. क्रेमर हसत-खेळत माफी मागून सुटण्याच्या तयारीने आले होते. स्ट्युअर्ट यांनी त्यांचीच २००६ सालची चित्रफीत लावली. त्यात भाव वरखाली करण्याच्या क्लृप्त्या क्रेमर स्वतः सांगत होते. त्या मुलाखतीत प्रेक्षक हळूहळू हसायचे थांबतात. विषय हसण्यावारी नेण्याची वाट बंद झाली म्हणजे काय होतं, हे मला तिथे दिसतं.

पण स्ट्युअर्ट स्वतः ही वाट वापरत नव्हते असं नाही. ऑक्टोबर २००४मध्ये ते सीएनएनच्या 'क्रॉसफायर' या चर्चेच्या कार्यक्रमात गेले आणि टकर कार्लसन व पॉल बेगाला या दोन्ही सूत्रधारांना तोंडावर सांगून आले, की तुमची ही लुटुपुटुची भांडणं देशाचं नुकसान करताहेत. तीन महिन्यांत सीएनएनने तो कार्यक्रम बंद केला, त्यामुळे हा प्रसंग दंतकथा बनला. दंतकथेत एक तपशील गाळला जातो. कार्लसन यांनी उलट विचारलं होतं, की राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केरी तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही त्यांना इतके गुळगुळीत प्रश्न का विचारलेत? त्यावर स्ट्युअर्ट यांचं उत्तर होतं, की माझ्या कार्यक्रमाच्या आधी खोडसाळ फोन करणाऱ्या बाहुल्यांचा कार्यक्रम लागतो. माझ्याकडून कसली अपेक्षा करता? उत्तर हजरजबाबी होतं आणि टाळ्याही मिळाल्या. पण प्रश्न रास्त होता, आणि तो त्यांनी हसण्यावारी नेला. दुसऱ्याला जाब विचारताना पत्रकार, आणि आपल्याला कोणी विचारला की विदूषक, ही सोय या साऱ्या परंपरेत आहे. तिच्या चाहत्यांनी हे नोंदवून ठेवायला हवं.

वठलेलं सोंग

स्ट्युअर्ट यांच्याच कार्यक्रमातून बाहेर पडून कोल्बेअर यांनी २००५मध्ये 'द कोल्बेअर रिपोर्ट' सुरू केला. इथे त्यांनी चक्क सोंग घेतलं : एका गर्जना करणाऱ्या, पुराव्यापेक्षा आपल्या पोटातल्या भावनेवर विश्वास ठेवणाऱ्या उजव्या निवेदकाचं. सोंगाड्याची परंपरा असलेल्या आपल्यासारख्यांना हा प्रकार परका वाटू नये. सोंगाड्या मूर्खपणाचा आव आणतो आणि मूर्ख ठरतो पाटील. कोल्बेअर यांनी हे सोंग नऊ वर्षं, आठवड्यातून चार रात्री, न उतरवता वठवलं.

सोंग किती वठलं? २००९ साली ओहायो स्टेट विद्यापीठातल्या हेदर लामार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रेक्षकांचा अभ्यास केला. उदारमतवादी आणि परंपरावादी अशा दोन्ही प्रेक्षकांना कोल्बेअर सारखेच विनोदी वाटत होते. फरक पुढेच होता. हा माणूस थट्टेचा फक्त आव आणतो, मनातून त्याला हेच म्हणायचं आहे, असं मानण्याकडे परंपरावादी प्रेक्षकांचा कल अधिक होता. म्हणजे ज्यांची टिंगल होत होती त्यांतल्या अनेकांना आपलं कौतुक चाललं आहे असं वाटत होतं. उपरोधाची ही जुनी अडचण आहे. उपरोध कळायला ऐकणाऱ्याच्या मनात आधीच थोडी शंका असावी लागते. जिथे ती नाही, तिथे उपरोध बहुतेक वेळा पोचत नाही.

म्हणूनच मला कोल्बेअर यांच्या रोजच्या विनोदापेक्षा त्यांचा 'सुपर पॅक'चा उद्योग अधिक मोलाचा वाटतो. २०१०च्या न्यायालयीन निकालांनंतर अमेरिकेत निवडणुकीसाठी अमर्याद पैसा गोळा करणाऱ्या या समित्या उभ्या राहिल्या. त्यांवर लेख भरपूर आले. ते वाचले कोणी? कोल्बेअर यांनी स्वतःच अशी समिती काढली. नाव ठेवलं 'अमेरिकन्स फॉर अ बेटर टुमॉरो, टुमॉरो'. जून २०११मध्ये ते निवडणूक आयोगापुढे रीतसर हजर झाले आणि परवानगी घेऊन आले. निवडणूक आयोगाचे माजी अध्यक्ष ट्रेव्हर पॉटर यांना त्यांनी वकील नेमलं आणि पडद्यावर त्यांच्याकडून एकेक कागद समजावून घेतला. देणगीदाराचं नाव लपवण्यासाठी आणखी एक संस्था काढायची असेल तर किती सह्या लागतात? फारशा नाहीत, हे प्रेक्षकांनी पाहिलं. उमेदवार आणि समिती यांच्यात संगनमत नको, असा नियम. तेव्हा कोल्बेअर यांनी उमेदवारीची भाषा सुरू करताच समिती आपल्या मित्राच्या, म्हणजे स्ट्युअर्ट यांच्या हवाली केली. हस्तांतर कायदेशीर होतं. समितीकडे दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ॲनेनबर्ग केंद्राने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं आढळलं, की निवडणुकीतल्या पैशाच्या या नियमांबद्दल कोल्बेअर यांच्या प्रेक्षकांना वृत्तवाहिन्यांच्या प्रेक्षकांहून अधिक नेमकी माहिती होती. कारण उघड आहे. इथे उपरोध कळला नाही तरी कागद कळत होता. नियमाची टिंगल करण्याऐवजी कोल्बेअर यांनी तो नियम तंतोतंत पाळून दाखवला होता.

विनोदाचा खर्च

एप्रिल २०१४मध्ये एचबीओवर जॉन ऑलिव्हर यांचा 'लास्ट वीक टुनाइट' सुरू झाला. आठवड्यातून एकदा, रविवारी, आणि मुख्य भाग एकाच विषयावर. एचबीओ वर्गणीवर चालते, त्यामुळे मध्ये जाहिराती नाहीत. या दोन सोयींतून एक नवाच प्रकार जन्मला. तुरुंगातली जामीनपद्धत, मालमत्ता जप्तीचे कायदे, कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्यांचे करार, असे ज्यांवर कोणी विनोद करणार नाही असे विषय पंधरा-वीस मिनिटं प्रेक्षक पाहू लागले.

१ जून २०१४ रोजी त्यांनी इंटरनेटवरच्या समान वागणुकीच्या नियमांवर सुमारे तेरा मिनिटं खर्च केली. हे नियम ठरवणाऱ्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनचे, म्हणजे एफसीसीचे, तेव्हाचे अध्यक्ष टॉम व्हीलर पूर्वी केबल उद्योगाचे प्रवक्ते होते. बाळ सांभाळायला डिंगो, म्हणजे ऑस्ट्रेलियातला रानकुत्रा, ठेवावा तसं हे झालं, असं ऑलिव्हर म्हणाले. 'मी डिंगो नाही' असा खुलासा व्हीलर यांना जाहीरपणे करावा लागला. भागाच्या अखेरीस ऑलिव्हर यांनी प्रेक्षकांना आयोगाच्या संकेतस्थळावर हरकती नोंदवायला सांगितलं आणि त्या गर्दीने संकेतस्थळ कोलमडलं. फेब्रुवारी २०१५मध्ये आयोगाने कडक नियम मंजूर केले.

विनोदाच्या विजयाची गोष्ट म्हणून ही कथा इथेच थांबवतात. ती थांबली मात्र नाही. सरकार बदललं, अध्यक्ष बदलले. मे २०१७मध्ये ऑलिव्हर यांनी पुन्हा आवाहन केलं, संकेतस्थळ पुन्हा अडखळलं. पण यावेळी आयोगाने सांगितलं की हा बाहेरून झालेला सायबर हल्ला आहे. आयोगाच्याच महानिरीक्षकांच्या चौकशीत २०१८ साली स्पष्ट झालं की हल्ला वगैरे नव्हता. ती ऑलिव्हर यांच्या प्रेक्षकांची गर्दी होती. तोवर, डिसेंबर २०१७मध्ये, नियम रद्द झाले होते. लोकांच्या हरकतींना हल्ला ठरवण्याची ही युक्ती मला फार बोलकी वाटते. विनोदाची दखल घेण्यापेक्षा त्याला तांत्रिक बिघाड ठरवणं सोपं होतं.

आता खर्चाची बाब. जून २०१७मध्ये ऑलिव्हर यांनी कोळसा उद्योगावरच्या भागात मरी एनर्जीचे मालक रॉबर्ट मरी यांच्यावर, खाणकामगारांच्या सुरक्षिततेच्या संदर्भात, टीका केली. मरी यांनी वेस्ट व्हर्जिनियात अब्रुनुकसानीचा दावा लावला. फेब्रुवारी २०१८मध्ये तो फेटाळला गेला, पुढे अपीलही मागे घेतलं गेलं. २०१९च्या नोव्हेंबरात ऑलिव्हर यांनी या सगळ्याचा हिशोब प्रेक्षकांना सांगितला : वकिलांवर दोन लाख डॉलरहून अधिक खर्च झाला आणि विम्याचा हप्ता तिप्पट झाला. म्हणजे दावा जिंकूनही हरल्यासारखंच. दावा लावणाऱ्याला निकालाची गरजच नसते. त्या भागाचा शेवट त्यांनी मरी यांच्यावर अत्यंत अचाट, शक्य कोटीबाहेरचे आरोप करणाऱ्या एका गाण्याने केला. त्या अचाटपणामागे कायद्याचं भान होतं. शहाण्या माणसाला जे खरं वाटूच शकत नाही, ते अब्रुनुकसानीत बसत नाही. १९८८च्या 'हसलर' मासिकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा विडंबनाला एकमताने संरक्षण दिलं होतं. विदूषकाचं ते गाणं वकिलाने तपासलेलं होतं.

विनोदाला हजरजबाबीपणा पुरतो, असा आपला समज आहे. मी ज्याला हसण्यावारी न नेता येणारा विनोद म्हणते आहे, त्याला संग्रह लागतो, संशोधक लागतात, वकील लागतात, विमा लागतो. तो महाग असतो. मग ओघानेच पुढचा प्रश्न येतो.

टेबलाचा मालक

२०१८मध्ये एटी अँड टी या दूरसंचार कंपनीने टाइम वॉर्नर, आणि पर्यायाने एचबीओ, विकत घेतली. ऑलिव्हर यांनी या नव्या मालकाची यथेच्छ टिंगल केली, त्याला आपला 'धंद्यातला बाप' म्हटलं. मालकाने चकार शब्द काढला नाही. यावरून अनेकांनी निष्कर्ष काढला की पाहा, किती हे स्वातंत्र्य! मलाही तसंच वाटलं होतं. पण शेजारी काही दुसऱ्या घटना ठेवून पाहाव्यात.

हसन मिनाज यांनी ऑक्टोबर २०१८मध्ये नेटफ्लिक्सवरच्या 'पेट्रियट ॲक्ट'मध्ये जमाल खशोगी यांच्या हत्येनंतर सौदी युवराजांवर एक भाग केला. सौदी सरकारने सायबर गुन्ह्यांच्या कायद्यावर बोट ठेवताच नेटफ्लिक्सने त्या देशापुरता तो भाग काढून टाकला. स्ट्युअर्ट २०२१मध्ये ॲपलकडे गेले. २०२३मध्ये तो कार्यक्रम संपला, आणि चीनसारख्या विषयांवरून मतभेद झाल्याच्या बातम्या आल्या. पुढे एप्रिल २०२४मध्ये, पुन्हा 'द डेली शो'च्या टेबलामागे बसलेले असताना, मक्तेदारीविरोधी काम करणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनच्या अध्यक्ष लीना खान यांना त्यांनी समोरासमोर सांगितलं, की तुम्हाला बोलावू नका असं मला ॲपलने सांगितलं होतं.

आणि २०२५. सीबीएसची मालक पॅरामाउंट कंपनी स्कायडान्समध्ये विलीन होणार होती. त्याला एफसीसीची मंजुरी हवी होती. कमला हॅरिस यांच्या एका मुलाखतीवरून ट्रम्प यांनी लावलेला दावा पॅरामाउंटने जुलैच्या सुरुवातीला १ कोटी ६० लाख डॉलर देऊन मिटवला. १४ जुलैला कोल्बेअर यांनी आपल्याच मालकाच्या या तडजोडीला भर कार्यक्रमात लाच म्हटलं. १७ जुलैला कार्यक्रम बंद होण्याची घोषणा झाली. २४ जुलैला विलीनीकरण मंजूर झालं. निर्णय निव्वळ आर्थिक आहे असं सीबीएसने सांगितलं. वर्षाला सुमारे चार कोटी डॉलर तोटा होत असल्याच्या बातम्याही आल्या, आणि रात्री उशिराच्या कार्यक्रमांचं जाहिरातींचं उत्पन्न आटत चाललं आहे हे खरंच आहे. कारण आणि योगायोग यांतली रेषा मला इथे बसून आखता येणार नाही. किमेल यांच्या बाबतीत मात्र क्रम उघड्यावर घडला. एफसीसीचे अध्यक्ष ब्रेंडन कार यांनी स्थानिक केंद्रांच्या परवान्यांचा विषय काढला; पुष्कळ केंद्रांची मालकी असलेल्या नेक्सस्टारने कार्यक्रम दाखवणार नाही असं जाहीर केलं; मग एबीसीने तो थांबवला. त्या वेळी नेक्सस्टारलाही टेग्ना ही कंपनी विकत घ्यायची होती, आणि मंजुरी एफसीसीचीच हवी होती.

या घटना एका ओळीत मांडल्या की एक आकृती दिसू लागते. मालकाला अपमान चालतो. व्यवहारातला अडथळा चालत नाही. 'धंद्यातला बाप' म्हटल्याने एटी अँड टीचं काहीच अडलं नव्हतं. उलट, आपण थट्टा सहन करतो अशी शोभा मालकाला मिळते. दरबारातल्या विदूषकाला राजाची चेष्टा करण्याची मुभा असते, ती याच हिशोबाने. बाजारपेठ, परवाना, विलीनीकरण यांच्या आड विनोद आला की मुभा संपते.

या आकृतीला एक अपवाद आहे आणि तो आपल्याकडचा आहे. फेब्रुवारी २०२०मध्ये, ट्रम्प यांच्या भारतभेटीच्या तोंडावर, ऑलिव्हर यांनी नरेंद्र मोदींवर एक भाग केला. भारतात हा कार्यक्रम हॉटस्टारवर दिसत असे. तो भाग तिथे आलाच नाही. यूट्यूबवर मात्र त्यातला मुख्य तुकडा भारतातल्या कोणालाही पाहता येत होता. पुढच्याच महिन्यात ऑलिव्हर यांनी या प्रकाराची दखल घेताना आणखी एक गोष्ट दाखवली : हॉटस्टारवरच्या त्यांच्या आधीच्या काही भागांतून डिस्नेच्या पात्रांवरचे फुटकळ विनोदही कापलेले होते. हॉटस्टार तेव्हा डिस्नेच्या मालकीचं होतं. अमेरिकेतल्या मालकाला अपमान चालतो, इथल्या व्यवस्थापनाला तोही चालेना. राजापेक्षा राजनिष्ठ म्हणतात तो हा प्रकार. मोदींवरचा भाग न दाखवण्यापेक्षा मला ही दुसरी कात्री अधिक अस्वस्थ करते. पहिल्या कात्रीमागे निदान कोणाचा तरी धाक असेल, अशी कल्पना करता येते. दुसरी निव्वळ सवयीने चाललेली दिसते.

टाळी आणि हसू

इथवर मी मालकांबद्दल बोलले. प्रेक्षक म्हणून माझा हिशोबही मांडायला हवा.

ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत या कार्यक्रमांना तेजी आली. कोल्बेअर तेव्हा सोंग उतरवून 'द लेट शो'मध्ये स्वतःच्या नावाने, स्वतःच्या चेहऱ्याने बोलत होते, आणि लोकप्रियतेत आपल्या स्पर्धकांच्या पुढे गेले होते. मी त्यांचं निवेदन रोज पाहत असे. आज ते भाग पुन्हा पाहताना लक्षात येतं, की प्रेक्षक हसण्यापेक्षा टाळ्या अधिक वाजवतात. हसू अनपेक्षित गोष्टीला येतं. टाळी आपल्याच मताला पडते. ट्रम्प यांच्या केसांवर, रंगावर, उच्चारांवर शेकडो विनोद झाले. त्यांतून मला कळलेली नवी गोष्ट एकही आठवत नाही. 'कोल्बेअर रिपोर्ट'मधला देणग्यांचा कागद मात्र इतक्या वर्षांनीही आठवतो. माणूस तोच, बुद्धी तीच. पण रोजच्या टाळीने त्यांना आणि मला, दोघांनाही, आळशी केलं.

जोडी बॉमगार्टनर आणि जोनाथन मॉरिस यांनी २००६ साली 'द डेली शो'च्या तरुण प्रेक्षकांवर केलेला अभ्यास मी तेव्हा नाक मुरडून वाचला होता. त्यांना आढळलं होतं, की हा कार्यक्रम पाहून उमेदवारांबद्दल आणि निवडणूक व्यवस्थेबद्दल अविश्वास वाढतो. पण त्याच वेळी, आपल्याला राजकारण चांगलं कळतं, हा प्रेक्षकाचा विश्वासही वाढतो. आज मला त्यात माझंच वर्णन दिसतं. सगळे चोर आहेत आणि मला ते कळलेलं आहे, या भावनेत एक ऊब असते. ती घेऊन माणूस शांत झोपतो. कार्सन यांचा प्रेक्षक कोणावरही न रागावता झोपायला जाई. मी सगळ्यांवर रागावून झोपायला जात होते. झोप दोघांनाही लागत होती.

याला छेद देणारा एक भाग आहे, १६ डिसेंबर २०१०चा. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर ढिगाऱ्यात काम करून आजारी पडलेल्या अग्निशामक आणि बचाव कर्मचाऱ्यांच्या उपचारांचं विधेयक सिनेटमध्ये अडलं होतं. वृत्तवाहिन्यांनी त्याकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं. स्ट्युअर्ट यांनी अशा चार कर्मचाऱ्यांना बोलावून टेबलाभोवती बसवलं, विधेयक अडवणाऱ्या सिनेटरांच्या चित्रफिती दाखवल्या आणि ते बोलत असताना स्वतः बहुतेक गप्प राहिले. २२ डिसेंबरला विधेयक मंजूर झालं. २ जानेवारीला त्यावर सही झाली. श्रेय एकट्या त्या भागाचं नाही, वर्षानुवर्षं खेटे घालणाऱ्या कर्मचाऱ्यांचं ते आधी आहे. पण त्या रात्री प्रेक्षकांना टाळी वाजवून मोकळं होता आलं नाही. २०१९मध्ये निधी संपत आला, तेव्हा स्ट्युअर्ट पुन्हा त्यांच्यासोबत संसदेच्या समितीपुढे साक्षीला गेले, आणि तिथे ते विदूषक नव्हते. पंधरा वर्षांपूर्वी 'क्रॉसफायर'मध्ये बाहुल्यांच्या कार्यक्रमाआड लपलेल्या माणसाने ते उत्तर इथे दिलं, असं मला वाटतं.

कोल्बेअर यांनी कार्यक्रम संपणार असल्याचं सांगताना तिथे काम करणाऱ्या दोनशे माणसांचा उल्लेख केला होता. कार्यक्रम संपला की अशी माणसं पांगतात. बातम्यांवरचा विनोद त्यामुळे थांबणार नाही. आपल्या फोनवर तर तो सकाळ-संध्याकाळ येऊन पडतो, फुकट, आणि एका मिनिटात संपतो. त्याला वकील लागत नाही, कारण तो कोणाचं काही अडवत नाही. सत्तेला अशा विनोदाची भीती वाटायचं कारण नाही. धोक्यात आहे तो दुसरा, महागडा विनोद : कोणीतरी जुनी भाषणं तासन् तास ऐकून, आयोगाचे कागद वाचून, विम्याचा हप्ता भरून केलेला. त्याचे पैसे आजवर अशा मालकांनी दिले, ज्यांना त्याची गरज नव्हती.

त्या व्याख्यानात मी जे ठोकून दिलं होतं, ते आज दुरुस्त करायचं तर असं म्हणेन : विदूषकाने पत्रकारिता केली ती थोड्याच रात्री, आणि त्या रात्री त्याच्या खोलीत खूप माणसं काम करत होती. त्या माणसांचा पगार कोणी द्यायचा, हा प्रश्न मात्र आपण प्रेक्षकांनी आजवर हसण्यावारीच नेला आहे.